शरीराच्या तारा आणि शरीराचे पाट



तिन्हीसांजेची वेळ असते. धारेला बसलेली घरधनीण गायीच्या कासेला पाणी लावते, वासरू सोडते, त्याला दोन ढुशा मारू देते आणि मग ते बाजूला बांधून चरवी गुडघ्यांत धरते. धारेचा आवाज सुरू होतो. एवढ्यात कोणी अनोळखी माणूस मोठ्याने बोलत गोठ्यात शिरतो. गाय कान टवकारते, पाय झाडते आणि धार एकदम आटते. "चोरला हिनं पान्हा!" असे म्हणून बाई चरवी उचलतात.

मघाशी कासेत असलेले दूध आताही कासेतच आहे. ते कोठे गेले नाही आणि गायीने काही चोरलेही नाही, कारण पान्हा सोडणे किंवा न सोडणे हे तिच्या इच्छेवर नसतेच. तिच्या शरीरात दोन निरोप निघाले. पहिला निरोप "दूध सोड" असे सांगत होता, दुसरा "धोका आहे, थांब" असे सांगत होता. दुसऱ्याने पहिल्याला अडवले, एवढेच घडले. हे निरोप कोण पाठवतो, ते कोणत्या वाटेने जातात आणि ती वाट बिघडली तर काय होते, याची माहिती आज घेऊ या. मी डॉक्टर नाही, शेतीशास्त्राचा पदवीधर आहे. पण फवारणीच्या दिवसांत हे ज्ञान घरात नसेल तर माणूस हकनाक जातो, हे या भागात काम करताना मी जवळून पाहिले आहे. म्हणून हा लेख.

पान्हा कसा फुटतो?

वासराचे तोंड किंवा बाईचा हात सडाला लागला की त्या स्पर्शाची खबर मज्जातंतूंमधून पाठीच्या कण्याकडे आणि तेथून मेंदूकडे जाते. मेंदूच्या तळाशी पियूषिका नावाची लहानशी ग्रंथी असते. खबर पोचताच ती ऑक्सिटोसीन नावाचा रस थेट रक्तात सोडते. रक्ताबरोबर वाहत तो कासेत येतो. तेथे दूध साठलेल्या बारीक बारीक पिशव्यांभोवती स्नायूंचे जाळे असते. हा रस पोचला की ते जाळे आवळते आणि दूध खाली उतरते. याला सुमारे एक मिनिट लागते आणि त्याचा जोर सहा-आठ मिनिटे टिकतो. म्हणून धार नेहमी एकाच वेळी, शक्यतो एकाच माणसाने, शांतपणे आणि सात-आठ मिनिटांत आटोपावी, असे सांगतात.

गाय बिचकली की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलीन नावाचा दुसरा रस रक्तात येतो. तो कासेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतो आणि ऑक्सिटोसीनचे काम अडवतो. अशा वेळी गायीला काठी मारणे म्हणजे आणखी ॲड्रेनलीन मागवणे होय. थोडा वेळ थांबावे, तिच्या अंगावरून हात फिरवावा आणि पुन्हा कासेला पाणी लावावे. दूध काढण्यासाठी ऑक्सिटोसीनची सुई टोचण्याची खोड काही जणांना असते. तिने जनावराचे नुकसान होते. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक सुई टोचणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

भगिनींनो, बाळंतिणीचे शरीरही याच नियमाने चालते. बाळ अंगावर ओढू लागले की तोच निरोप, तीच ग्रंथी आणि तोच रस. त्याने दूध तर उतरतेच, शिवाय गर्भाशय आवळते आणि रक्तस्राव कमी होण्यास मदत होते. म्हणून जन्मल्यावर पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पहिले पिवळसर, घट्ट दूध पिळून टाकू नये. बाळंतिणीला टोचून बोलू नये, कारण घाबरलेल्या, चिंतेत असलेल्या आईचा पान्हाही अडतो.

तार आणि पाट

वरच्या उदाहरणात निरोप दोन वाटांनी गेला. सडापासून मेंदूपर्यंत तो मज्जातंतूने गेला आणि मेंदूपासून कासेपर्यंत रक्ताने आला. माणसाच्या शरीरातील सगळा कारभार या दोन वाटांनीच चालतो.

मज्जातंतू म्हणजे विहिरीवरच्या मोटारीला जोडलेली तार समजा. बटण दाबले की मोटार लगेच सुरू होते आणि जिच्याशी तार जोडली आहे तीच सुरू होते, शेजाऱ्याची होत नाही. शरीरातील जलद तंतूंमधून निरोप सेकंदाला सुमारे १०० मीटर धावतो. पायात काटा रुतला की "काटा" हा शब्द मनात येण्याआधी पाय उचललेला असतो, तो यामुळेच.

दुसरी वाट पाटाच्या पाण्याची. ग्रंथी आपला रस रक्तात सोडते आणि तो सर्व अंगभर फिरतो. पण पाट सगळ्या वाफ्यांवरून गेला तरी ज्या वाफ्याचे तोंड फोडलेले असते तोच भिजतो. त्याप्रमाणे ज्या अवयवाला त्या रसाची ओळख आहे, तोच त्याचे ऐकतो. या रसांना संप्रेरके किंवा हार्मोन्स म्हणतात. त्यांचा निरोप तारेपेक्षा सावकाश पोचतो, पण जास्त काळ टिकतो. मुलाची उंची वाढणे, मुलगी वयात येणे, जेवणानंतर रक्तातील साखर ताळ्यावर आणणे ही कामे पाटाची आहेत.

संप्रेरक किती थोडे लागते, हे कपाशी लावणाऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही. वनस्पतींनाही संप्रेरके असतात. पात्या आणि फुले गळू नयेत म्हणून आपण एन.ए.ए. फवारतो, ते त्याच जातीचे. टू-फोर-डी हे तणनाशकही संप्रेरकासारखेच काम करते. शेजारच्या धुऱ्यावरून वाऱ्याने त्याचा नुसता हबका आला, तरी कपाशीची पाने आक्रसून भेंडीच्या पानांसारखी होतात. माणसाच्या शरीरातही असेच आहे. चिमूटभराहून कितीतरी कमी रस सारा देह हलवतो.

हा शोध फार जुना नाही. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याकडे जाणारे मज्जातंतू कापून टाकले आणि आतड्यात आम्ल सोडले. तार तुटली असल्याने स्वादुपिंडाला खबर पोचू नये, अशी अपेक्षा होती. पण स्वादुपिंडाने पाचक रस सोडलाच. म्हणजे खबर रक्तातून गेली होती. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा रसांना 'हार्मोन' हे नाव दिले.

तारेच्या टोकाला काय असते?

आता लेखाच्या मुख्य गोष्टीकडे येऊ. मज्जातंतूची तार अवयवाला थेट चिकटलेली नसते. मध्ये एक अतिशय बारीक फट असते. ही फट निरोप कसा ओलांडतो, याचे उत्तर १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राझ गावी ओटो लोवी या शास्त्रज्ञाने शोधले. त्याने बेडकांची दोन हृदये घेतली. एकाचा वेग कमी करणारा तंतू चेतवला, तसे ते मंदावले. मग त्याच्या भोवतीचे पाणी त्याने दुसऱ्या हृदयावर घातले. तेही मंदावले! दुसऱ्याला कोणतीही तार चेतवलेली नव्हती. म्हणजे तारेच्या टोकातून एक रसायन बाहेर पडत होते आणि तेच निरोप पोचवत होते. त्या रसायनाचे नाव ॲसिटिलकोलीन. या शोधासाठी लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोप पोचला की हे रसायन तेथून लगेच हटले पाहिजे. नाहीतर बटण दाबलेलेच राहील. त्यासाठी फटीत एक विकर म्हणजे एन्झाइम असते. ते झाडूवाल्यासारखे क्षणात ॲसिटिलकोलीन साफ करते आणि तार पुढच्या निरोपाला मोकळी होते.

आपल्या हृदयाला, फुप्फुसांना, आतड्यांना बैलाप्रमाणे दोन कासरे असतात. धसका बसला, धुऱ्यावर फणा काढलेला नाग दिसला, की एक कासरा ओढला जातो. छाती धडधडते, श्वास वाढतो, तोंड कोरडे पडते, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. ॲड्रेनलीनही त्याच्या मदतीला धावते. जेवून निवांत पडलो की दुसरा कासरा ओढला जातो. नाडी मंदावते, तोंडाला पाणी सुटते, आतडी कामाला लागतात, बाहुल्या लहान होतात. हा दुसरा कासरा ॲसिटिलकोलीनच्या हातात असतो. हातापायांचे स्नायूही त्याच्याच निरोपाने हलतात.

फवारणीचे विष कोठे बसते?

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटाची कीटकनाशके आहेत. ती किडीच्या अंगातील त्या झाडूवाल्या विकराला चिकटतात आणि त्याचे काम बंद पाडतात. निरोपामागून निरोप साचत जातो, कीड थरथरते आणि मरते. बंधूंनो, माणसाच्या अंगातही तेच रसायन आणि तेच विकर आहे. औषधाला अळी आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

२०१७ सालच्या भाद्रपदातली गोष्ट. मानोरा तालुक्यातील एका गावी शेतावर गेलो होतो. निंबाखाली एक पंचविशीतला मजूर पडला होता. भोवती चार माणसे. त्याचे वडील म्हणाले, "सायेब, पोराले ऊन लागलं जी. कांदा हुंगवला, पर उतार नाही." मी जवळ बसून पाहिले. पोराचे अंग घामाने निथळत होते, तोंडातून लाळ गळत होती आणि दंडाचे मांस फडफडत होते. पापणी उघडली, तर डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. उन्हाचा झटका बसलेल्या माणसाचे अंग तापते आणि बहुधा कोरडे पडते. त्याची बाहुली अशी होत नाही. मी विचारले, "फवारणी किती दिवसांपासून?" वडील म्हणाले, "आठ दिस झाले. काल-परवा तर काही झालं नाही जी. आजच कसं व्हईन?"

हा प्रश्न मला आजही आठवतो, कारण घात तेथेच होतो. विकर एकदम संपत नाही. आज थोडे निकामी झाले, उद्या आणखी थोडे. शरीर नवे तयार करते, पण हळूहळू. रोज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, असे सलग फवारणाऱ्या मजुराची शिल्लक कमी कमी होत जाते आणि नवव्या दिवशी त्याच पंपाने, त्याच औषधाने तो कोसळतो. काल काही झाले नाही, याचा अर्थ आज होणार नाही असा नव्हे. उलट काल फवारले म्हणून आज धोका जास्त असतो.

त्या पोराचे कपडे काढले, साबणाने अंग धुतले, औषधाची बाटली बरोबर घेतली आणि मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखान्यात नेले. बाटली पाहताच डॉक्टरांनी उपचार सुरू केले. पोरगा वाचला. सगळ्यांचे नशीब तसे नव्हते. त्याच हंगामात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, हवा दमट आणि उकाड्याची होती. जोरदार फवारा मारणारे बॅटरीचे पंप आले होते आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. डोक्याच्या वर धरलेला फवारा अंगावरच पडत होता. घामाने ओल्या झालेल्या कातडीतून औषध आत जाते, पोटात जावेच लागते असे नाही. त्या वेळी वापरलेली सर्वच औषधे वर सांगितलेल्या गटाची नव्हती. काहींवर तर नेमका उताराही नाही. म्हणून बाटली किंवा तिचे लेबल डॉक्टरांना दाखवणे फार महत्त्वाचे.

ऑर्गॅनोफॉस्फरस विषावर ॲट्रोपीनची सुई देतात. ती जास्त ओढला गेलेला तो कासरा सैल करते, म्हणजे छातीतला कफ आणि लाळ कमी होते, नाडी सुधारते. दुसरे एक औषध विकराला चिकटलेले विष सोडवते. पण जसजसा वेळ जातो तसतसे ते विष विकराला पक्के बसते, मग सुटत नाही. म्हणून घरी घालवलेला एकेक तास महाग पडतो. ॲट्रोपीनसारखे द्रव्य आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्यातही असते. पण म्हणून कोणी धोतरा उगाळून देऊ नये. त्याचे प्रमाण घरी कळत नाही आणि एका विषाऐवजी दोन विषे अंगात जातात.

हे करा, हे टाळा

फवारणाऱ्याला डोके दुखणे, मळमळ, अंधारी, जास्त घाम, लाळ, डोळ्यांना पाणी, पोटात कळ, छाती भरल्यासारखी वाटणे यांपैकी काही जाणवले, की पंप तेथेच खाली ठेवावा. "एवढा पंप संपवून येतो" असे म्हणू नये.

आजाऱ्याला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे. ओले कपडे काढावेत. अंग, केस आणि नखे साबण-पाण्याने धुवावीत. धुणाऱ्याने हातांत हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी. डोळ्यांत औषध गेले असेल तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळे धुवावेत. आजाऱ्याला कुशीवर निजवावे, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनळीत जाणार नाही. मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नये. दूध, तूप, लिंबू काही देऊ नये. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली बरोबर न्यावी.

फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, वाऱ्याच्या दिशेने तोंड करून नव्हे तर वारा पाठीशी घेऊन करावी. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, तोंडावर फडके, हातमोजे आणि पायांत बूट असावेत. गळका पंप पाठीवर घेऊ नये. नोझल तोंडाने फुंकू नये. फवारताना तंबाखू मळू नये आणि बिडी ओढू नये. दुकानदार म्हणाला म्हणून औषधे एकत्र कालवू नयेत, शिफारस विचारावी. एकाच माणसाने रोज रोज फवारू नये, पाळी लावावी. डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा, मग हिरवा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासूनच बंदी होती. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३६ टक्के मोनोक्रोटोफॉसवर बंदीचा आदेश काढला. एखादी जुनी बाटली घरात कोठे पडली असेल तर ती "आहे तर वापरू" म्हणून काढू नका. औषधे कुलपात, घरापासून दूर ठेवा. रिकामा डबा पाण्यासाठी वापरू नका.

घरातील बायाबापड्यांनीही हे लक्षात घ्यावे. फवारणीचे कपडे इतर कपड्यांत भिजवू नयेत. फवारून आलेला माणूस अंघोळ करीपर्यंत लेकराला त्याच्याकडे देऊ नये.

पाटाची दुखणी

तारेचे दुखणे तासाभरात दिसते. पाटाचे दुखणे महिनोन्‌महिने कळत नाही, म्हणून तेही थोडक्यात सांगतो. स्वादुपिंडातील इन्शुलीन हे संप्रेरक कमी पडले, किंवा शरीर त्याचे ऐकेनासे झाले, की रक्तात साखर साचते. फार तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे, पायाची जखम न भरणे ही त्याची चिन्हे. पूर्वी हा आजार मुलांना झाला तर ती वाचत नसत. १९२१ मध्ये कॅनडात इन्शुलीनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलाला दिले गेले. आज प्राथमिक आरोग्य केंद्रातही साखर तपासता येते. चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावी.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला तिचे संप्रेरक बनवण्यासाठी आयोडीन लागते. ते कमी पडले तर गळ्याला गाठ येते. पोटातल्या बाळाला कमी पडले तर त्याची बुद्धी खुंटते. आयोडीनयुक्त मीठच आणावे आणि ते झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे.

आणखी एक दुखणे आहे, त्याला नाव घ्यायला आपण लाजतो. नाग दिसला की ॲड्रेनलीन येते आणि नाग गेला की ओसरते. पण कर्जाचा हप्ता, हातचे गेलेले सोयाबीन, मुलीचे लग्न हे नाग रात्रीही उशाशी बसून असतात. तेव्हा त्याच ग्रंथीतून कॉर्टिसॉल नावाचा दुसरा रस दिवसेंदिवस जास्त येत राहतो. झोप उडते, भूक जाते, रक्तदाब आणि साखर वाढते, मन काळवंडते. हा भित्रेपणा नव्हे. हे शरीराचे दुखणे आहे आणि त्याला उपचार आहे. घरात कोणी गप्प गप्प राहू लागला, जेवेनासा झाला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच्याशी बोला आणि दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट बोलता येते.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याच्या आधीपासून मी या गावांतून फिरतो आहे. मातीचा नमुना काढा, बियाण्याला प्रक्रिया करा, हे सांगता सांगता केस पिकले. पण ज्या अंगाने आपण शेती कसतो त्याच्या तारा आणि पाट यांची काळजी घ्या, हे सांगायचे राहून गेले होते. निंबाखालचा तो पोरगा आज स्वतःच्या दोन लेकरांचा बाप आहे. फवारणीच्या दिवशी आता त्याची घरधनीण संध्याकाळी दारात पाण्याची बादली आणि साबण घेऊन उभी असते. आधी त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाहते आणि मगच गायीच्या धारेला बसते. येत्या हंगामात तुमच्याही दारात बादली आणि साबण तयार असू द्या.